अर्धा लॉट

ठाकुर्ली स्टेशनच्या पूर्वेला एका चार मजली इमारतीच्या तळमजल्यावर एक खोली आहे. तिथे सध्या कुत्र्यांना आंघोळ घालून त्यांचे केस कापून देतात, आणि माझा न्हावी घेतो त्याच्या कितीतरी पट पैसे घेतात. मी सांगतोय तो काळ मात्र फार जुना नाही. तेव्हा तिथे गणिताचा क्लास होता. बाकं होती, घरघर करणारा पंखा होता आणि समोरची अख्खी भिंत काळ्या ऑइलपेंटने रंगवलेली होती. वेगळा फळा असा नव्हताच. भिंत हाच फळा.

क्लासचे सर माझ्या मुलीचे सर. तिच्या वेळी बॅचमधली मुलं जिन्याच्या पायऱ्यांपर्यंत बसायची. पुढे फोनमध्ये गणित शिकवणारे लोक आले, नाचत, टाळ्या वाजवत, मागे संगीत लावून. सरांना नाचता येत नव्हतं. बॅच आटत गेली आणि शेवटी दहावीच्या तीन मुली उरल्या. तिघींची फी मिळून खोलीचं भाडं निघेना. भाडं महिन्याला नऊ हजार. सरांनी मनाशी एवढंच ठरवलं होतं, की या तिघींची मार्चची परीक्षा होईपर्यंत खोली सोडायची नाही. मधेच क्लास बंद करून मुलांना वाऱ्यावर सोडणारा मास्तर आपण व्हायचं नाही.

आणि भाडं काढण्यासाठी सर शेअरबाजारात ऑप्शन ट्रेडिंग करत होते.

हे वाक्य ऐकून तुम्ही हसलात तर मला राग येणार नाही. मीही हसलो होतो. मी तेव्हा नुकता घरी बसलेला होतो. माजिवड्याजवळच्या कंपनीने मला स्वेच्छानिवृत्ती दिली. स्वेच्छा कंपनीची, निवृत्ती माझी. दुपारी मी घरात असणं घरच्यांना सोसेना, म्हणून मी सरांच्या रिकाम्या वर्गात जाऊन शेवटच्या बाकावर बसायला लागलो. ऑप्शनमधलं मला सगळं कळत होतं, कारण माझे स्वतःचे पैसे मी त्यात आधीच एका झोकात उडवले होते. पंचवीस हजार तेवढे उरले होते. ते मी धाडस संपल्यामुळे वाचवले होते, शहाणपणाने नव्हे.

सरांची तऱ्हाच निराळी. शाळेत फळ्याच्या कोपऱ्यात सुविचार लिहितात ना, तिथे सरांनी पांढऱ्या ऑइलपेंटने, कधीच पुसलं जाऊ नये म्हणून, लिहून ठेवलं होतं: "एका सौद्यात भांडवलाच्या दोन टक्क्यांहून जास्त गमवायचं नाही." त्यांचं भांडवल दीड लाख. त्याचे दोन टक्के, तीन हजार. सौदा करण्याआधी सर खडूने गणित मांडायचे. ऑप्शन म्हणजे बाजार वर जाईल की खाली, यावरची पैज. तो सुटा मिळत नाही, ठोकळ्याने घ्यावा लागतो, त्या ठोकळ्याला लॉट म्हणतात. एका लॉटमध्ये पंचवीस नग. भाव ऐंशी रुपयांनी पडला की बाहेर पडायचं, त्याला स्टॉप म्हणायचं. म्हणजे एका लॉटमागे जास्तीत जास्त तोटा दोन हजार. तीन हजार भागिले दोन हजार बरोबर दीड. "म्हणजे एक लॉट," सर म्हणायचे, आणि वरचा अर्धा डस्टरने पुसून टाकायचे. त्या पुसण्यात काय रुबाब होता! सत्यनारायणाच्या पूजेत भटजी अक्षता टाकतात, तसा.

महिन्याकाठी थोडं सुटायचं. कधी भाड्याइतकं, कधी कमी. मग एके दिवशी वरून नियम आला आणि लॉटच तिप्पट मोठा झाला. पंचवीसचे पंचाहत्तर. छोट्या माणसाने या खेळात पडून बुडू नये, असा म्हणे त्यामागचा हेतू. हेतू चांगलाच असणार. आमच्यासारख्यांच्या भल्यासाठी जे जे होतं, ते आम्हाला असंच लागतं.

सरांनी भिंतीवर गणित मांडलं. पंचाहत्तर गुणिले ऐंशी, सहा हजार. तीन हजार भागिले सहा हजार.

"अर्धा," मी मागच्या बाकावरून ओरडलो.

"म्हणजे?"

"म्हणजे अर्धा लॉट."

"बाजारात अर्धा लॉट मिळतो?"

"नाही मिळत."

"मग उत्तर काय?"

सरांनी भिंतीवर भलंमोठं शून्य काढलं, त्याखाली दोन रेघा मारल्या आणि खडू ठेवून दिला.

पुढे काही आठवडे मी असा ट्रेडर पाहिला, जो रोज सकाळी आंघोळ करून, कपाळाला गंध लावून वर्ग उघडतो, गणित मांडतो, उत्तर शून्य काढतो आणि संध्याकाळपर्यंत बाजाराकडे नुसतं बघत बसतो. नाटकाच्या हौशी मंडळात मी बरीच वर्षं काढली आहेत, भूमिका न मिळालेले नट विंगेत मेकअप करून बसलेले मी पाहिले आहेत. तेही यापेक्षा जास्त काम करायचे.

"सर, स्टॉप ऐंशीचा चाळीस करा," मी सुचवलं. "झाला की नाही बरोबर एक लॉट?"

"चाळीस रुपये बाजार जांभई देतानाही हलतो. रोज बाहेर फेकले जाऊ."

"मग दोनाचे चार टक्के करा."

"उत्तर आवडलं नाही म्हणून प्रश्न बदलायचा? या भिंतीपुढे नको."

एकदा दुपारी वहिनी, म्हणजे सरांच्या मिसेस, डबा घेऊन आल्या. वहिनी कल्याणला एका शाळेच्या ऑफिसात नोकरी करतात. त्यांच्या पगारावर घर चालतं, आणि हे त्या कधी बोलून दाखवत नाहीत, त्यामुळे ते जास्त ऐकू येतं. त्यांनी डबा बाकावर ठेवला, भिंतीवरचं शून्य पाहिलं, कोपऱ्यातलं वाक्य वाचलं आणि म्हणाल्या, "अहो, एक विचारू? तुम्ही एका सौद्यात दोन टक्क्यांच्या वर जात नाही. या खोलीत दर महिन्याला सहा टक्के घालताय. हिचा स्टॉप कुठे लावलाय?"

सर डब्याचं झाकण उघडत राहिले. मी छताकडे बघितलं.

"हा गणिताचा विषय नाही," सर शेवटी म्हणाले.

"बरं," वहिनी म्हणाल्या. "भाजीत मीठ कमी आहे, वरून घ्या."

मी नाटकातला माणूस. मला असं वाटायला लागलं की आता तिसऱ्या अंकात कोणीतरी प्रवेश केला पाहिजे. म्हणून ती कल्पना माझी. आपल्याकडे भिशी चालते, वर्गणी चालते, सोसायटीत पाण्याच्या टाकीपासून गणपतीपर्यंत सगळं चार जण मिळून होतं. मग एक लॉट का नाही? सरांचे दीड लाख, माझे पंचवीस हजार. उरलेल्यासाठी दोन माणसं मी आणली.

पहिले काका. हे आमच्याच सोसायटीतले, बँकेतून निवृत्त झालेले, अजूनही सही करताना पेन दोनदा हवेत फिरवणारे. तीन मुलींपैकी एक त्यांची नात, त्यामुळे क्लास चालू राहण्यात त्यांना रस. ते पंचाहत्तर हजार घेऊन आले. दुसरा माझा मेहुणा, कल्याणचा. फ्लॅट विकायला आणि भाड्याने द्यायला मदत करतो आणि स्वतः भाड्याने राहतो. त्याने पन्नास हजार आणले.

"भावोजी," तो मला म्हणाला, "सर सॉलिड आहेत ना? म्हणजे उडवणार नाहीत ना तुमच्यासारखे?"

"ते इतके सॉलिड आहेत की हलतच नाहीत," मी म्हणालो.

एकूण तीन लाख झाले. सरांनी भिंतीवर मांडलं: दोन टक्के, सहा हजार. सहा हजार भागिले सहा हजार. एक. बरोब्बर एक! वर अर्धा नाही, पाव नाही, पुसायला काही नाही. आम्ही चार प्रौढ गृहस्थांनी बाकांवर बसून टाळ्या वाजवल्या. शेजारचा इस्त्रीवाला बघायला आला.

असं ठरलं की सौदे सरांच्या खात्यातून सरच करतील, आणि मार्चपर्यंत जो नफा होईल त्यातून आधी खोलीचं भाडं जाईल. उरलं तर वाटणी परीक्षेनंतर. काका म्हणाले, "नातीच्या शिक्षणाचा प्रश्न आहे, आम्हाला आत्ता काही नको." मेहुणा म्हणाला, "मलापण." इतके उदार लोक एका खोलीत जमलेले मी त्यानंतर पाहिले नाहीत.

सरांनी त्या दिवशी आम्हाला एक व्याख्यान दिलं. मी मूळचा ठाण्याचा, टेंभी नाक्याच्या मागच्या गल्लीतला, हे त्यांना माहीत होतं. "तुमच्याकडे गोकुळाष्टमीला मोठी पथकं येतात," ते म्हणाले, "आणि छोटीही येतात. छोटं पथक काय करतं?"

"चार थर लावतं, सलामी देतं, खाली उतरतं, बक्षीस घेतं आणि टेंपोत बसून पुढच्या नाक्यावर जातं."

"हंडी फोडतं?"

"छे! त्यांचा हात तिथे पोचायला अजून चार मजले लागतील."

"आपण ते पथक," सर म्हणाले. "हंडीकडे बघायचंसुद्धा नाही. वर चढणं कोणालाही जमतं. खाली नीट उतरून दाखवायचं."

काकांनी मान डोलावली. मेहुण्याने फोनमध्ये लिहून घेतलं. मला वाटलं होतं तो व्याख्यान लिहून घेतोय. तो सरांनी कोणता ऑप्शन कितीला घेतला ते लिहून घेत होता.

पुढचे काही आठवडे आमच्या पथकाने झकास सलाम्या दिल्या. थोडे जिंकले, त्यातून भाडं गेलं. पुन्हा थोडे जिंकले, पुन्हा भाडं गेलं. एका सौद्यात भाव घसरला, सर ठरल्याप्रमाणे बाहेर पडले, आणि त्याच दुपारी भाव परत वर आला. आधीचा नफा होता म्हणून तोटा त्यात जिरला. पुढेही एकदा तसंच झालं. दोन्ही वेळा काका हळहळले, "थांबलो असतो तर?" सर म्हणाले, "थांबलो असतो तर नियम गेला असता. पैसे आले असते ते त्याहून वाईट." हे तत्त्वज्ञान काकांना पचलं नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण काकांच्या चेहऱ्यावर ॲसिडिटीमुळेही तसंच दिसतं, त्यामुळे मी लक्ष दिलं नाही.

जमा आणि भाडं यांची अशी रस्सीखेच चालून आमचा आकडा पुन्हा तीन लाखांवर येऊन उभा राहिला. बरोब्बर एक लॉट, एका पायावर. तीन मुली संध्याकाळी यायच्या, त्रिकोणमिती करायच्या. कोपऱ्यातलं पांढरं वाक्य त्यांना सुविचारच वाटायचं. एकीने ते निबंधात वापरलं होतं म्हणे, आणि मराठीच्या बाईंनी शेरा दिला, "विचार चांगला, संदर्भ कळला नाही."

मग तो एक्स्पायरीचा दिवस आला. ऑप्शनलाही मुदत असते, दुधाच्या पिशवीला असते तशी. त्या दिवशी बाजार बंद होईपर्यंत भाव वर गेला नाही तर त्याची किंमत शून्य. सरांनी सकाळी एक लॉट घेतला. आम्ही चौघेही वर्गात होतो. जेवणाच्या सुमाराला भाव घसरायला लागला. ऐंशी रुपये पडला आणि सरांनी शांतपणे बटण दाबलं.

"बाहेर," ते म्हणाले. "सहा हजार गेले. सौदा उत्तम झाला."

"उत्तम?" मी विचारलं.

"जेवढे जायचे ठरले होते तेवढेच गेले. चला, चहा सांगा."

मी चहा सांगून आलो. काका आणि मेहुणा वेगवेगळ्या बाकांवर, एकमेकांकडे पाठ करून, फोनमध्ये डोळे घालून बसले होते. सरांनी खडूने हात झटकले.

"काका, आपला सौदा संपला."

"हो हो. संपला ना."

"मग काय बघताय?"

"काही नाही. नुसतं बघतोय."

"नुसतं बघताना एवढा घाम?"

"पंखा बघा ना तुमचा," काका म्हणाले. पौष महिना होता.

मेहुण्याने चहाचा ग्लास उचलला आणि तोंडाला न लावता परत ठेवला. मग त्याने जी हळूच शिवी हासडली, ती भावापेक्षा जलद खाली गेली. त्या वर्गात इतक्या वर्षांत ती कोणी उच्चारली नसेल.

बाजार बंद झाला. सरांनी गणित मांडलं. दोन लाख चौऱ्याण्णव हजार. दोन टक्के म्हणजे पाच हजार आठशे ऐंशी. भागिले सहा हजार.

शून्य दशांश अठ्ठ्याण्णव.

"सर," मी उठून उभा राहिलो, "अठ्ठ्याण्णव! हे एकच झालं की हो!"

"एक कसं?"

"तुम्ही चौतीस मार्कांच्या पोराला पस्तीस करत होता की नाही? माझ्या पोरीच्या बॅचमध्ये केलंय. मी साक्षीला आहे."

"पोराला करत होतो. बाजार काय आपलं पोर आहे?"

आणि त्यांनी शून्य काढलं. दोन रेघा मारल्या.

पण हा पेच किती सोपा होता बघा. सहा हजार रुपये. चौघांपैकी कोणीही सहा हजार टाकायचे, तीन लाख पुरे, उत्तर पुन्हा एक. मला आनंदच झाला. मी नाट्यपूर्ण पॉज घेतला आणि म्हणालो, "काका, मी देऊ शकत नाही हे जगजाहीर आहे. सर, तुमचे पुढच्या भाड्यासाठी ठेवलेले आहेत. तेव्हा काका, तुम्हीच टाका सहा हजार, नातीच्या नावाने. पेढे मी आणतो."

काका बाकावरच्या कुणीतरी कर्कटकाने कोरलेल्या बदामावर बोट फिरवत राहिले.

"माझी पेन्शन एक तारखेला येते," ते म्हणाले.

"एक तारखेला टाका."

"एक तारखेला... ती जरा आधीच गेलेली आहे."

मी मेहुण्याकडे वळलो. "तू टाक रे."

"भावोजी, खरं सांगू का," तो म्हणाला, "मलाच माझे पन्नास परत पाहिजेत. आज. उद्या चालतील. पण उद्या नक्की."

मग सगळं बाहेर आलं. या खोलीतला नफा भाड्याला जातो. मग स्वतःसाठी काय? म्हणून दोघेही, एकमेकांना न सांगता, सरांचा प्रत्येक सौदा आपापल्या खात्यात करत होते. सर एक लॉट घ्यायचे. मेहुणा दोन, काका तीन. इथला पैसा नियमात आहे, सुरक्षित आहे, म्हणून घरच्या पैशाने जरा मोकळं व्हायला हरकत नाही, असा हिशोब. चार जणांनी मिळून कडक उपास धरावा आणि त्यातल्या दोघांनी घरी जाऊन मिसळ खावी, वर म्हणावं उपास तर चालूच आहे! आणि स्टॉप त्यांनी लावला नव्हता. का? कारण सर बाहेर पडल्यावर भाव परत येतो, हे त्यांनी दोनदा डोळ्यांनी पाहिलं होतं.

सरांच्या नियमाने त्यांना एवढंच शिकवलं होतं, की सर चुकतात.

"किती गेले?" सरांनी विचारलं.

काकांनी आकडा सांगितला नाही. बँकेतल्या माणसाने आकडा सांगितला नाही, यावरून आकडा कळतो.

"ते परत येईल हो," काका म्हणाले. "पुढच्या आठवड्यात—"

"काका, मुदत संपली. ते आता येत नाही."

दुसऱ्या दिवशी काकांचा फोन आला. इतक्या शुद्ध, सरकारी मराठीत बोलले की मला वाटलं कर्ज नाकारण्याचं पत्र वाचतायत. त्यांनाही पैसे परत हवे होते. सरांनी सगळ्यांचे दोन टक्के कापून बाकीचे पाठवले, माझेही. माझे चोवीस हजार पाचशे. मी म्हणालो, "सर, माझे राहू द्या." सर म्हणाले, "ठेवून उत्तर बदलत नाही." सरांकडे एक लाख सत्तेचाळीस हजार उरले. त्यांनी मला भिंतीपाशी बोलावून माझ्या हातात खडू दिला. मी मांडलं. शून्य दशांश एकोणपन्नास.

"आता अर्धाही नाही," सर म्हणाले.

खोली जानेवारीअखेर सोडायची ठरली. सर तिघींना म्हणाले होते, उरलेला भाग माझ्या घरी येऊन पूर्ण करा. काकांना सरांना तोंड दाखवायची लाज वाटत होती, म्हणून त्यांनी नातीला पाठवलं नाही. ती येत नाही म्हणून बाकीच्या दोघी आल्या नाहीत. तिघींनी फोनवरचा नाचरा मास्तर लावला. वहिनींनी दोन दिवस चटई अंथरून ठेवली होती, ती तिसऱ्या दिवशी गुंडाळून माळ्यावर टाकली. स्टॉपबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सरच मला म्हणाले.

मालकाची अट होती की काळी भिंत पांढरी करून द्यायची. रंगारी परवडणारा नव्हता, म्हणून सर आणि मी, दोघांनी लुंग्या लावल्या. एका डब्यात किती भिंत होते याचा मालकाने दिलेला अंदाज, भिंतीची लांबी, उंची, रंगाचे दोन हात, असं सगळं सरांनी त्याच भिंतीवर मांडलं. उत्तर आलं, एक पूर्णांक एक तृतीयांश डबा. सर दुकानात गेले आणि एक डबा घेऊन आले.

"सर, अहो एक तृतीयांश?"

सर डब्याकडे बघत राहिले. मग हसले. त्या सगळ्या हिवाळ्यात मी त्यांना तेवढंच एकदा हसताना पाहिलं.

"सवय," ते म्हणाले.

आम्ही एका बाजूने सुरुवात केली. डबा ठरल्याप्रमाणे संपला आणि कोपऱ्यातला काळा पट्टा तसाच राहिला, दोन टक्क्यांच्या वाक्यासकट. मालक संध्याकाळी किल्ली घ्यायला आला. त्याने भिंत पाहिली, पट्टा पाहिला, वाक्य वाचलं.

"सर, हे काय?"

"रंग कमी पडला."

"मग मी एक डबा डिपॉझिटमधून कापतो. आणि माणूस लावावा लागेल, त्याची मजुरी."

"एक तृतीयांश डबा लागेल," सर म्हणाले.

"दुकानात एक तृतीयांश मिळतो का, सर?"

मी आयुष्यात कधी इतक्या चुकीच्या जागी इतक्या मोठ्याने हसलेलो नाही. मालक माझ्याकडे बघायला लागला. सर मात्र एखाद्या चांगल्या विद्यार्थ्याकडे बघावं तसे मालकाकडे बघत होते.

"नाही मिळत," ते म्हणाले. "कापा."

त्यांनी खिशातला खडू बाकावर ठेवला, किल्ली दिली, आणि आम्ही रंगाने माखलेल्या हातांनी बाहेर पडलो. मी म्हणालो, कटिंग चहा घेऊ. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि पाय आपोआप परत वर्गाकडे वळले, कारण मुलींच्या येण्याची वेळ झाली होती. दोन पावलं गेल्यावर ते थांबले.

"चालेल," ते म्हणाले. "आता वेळच वेळ आहे."